अतिसंवाहक तार : एका दिवसाचा शोध, शंभर वर्षांची घडण

इतिहासाच्या शिक्षकाने विजेच्या तारेवर लेख लिहावा, याचे स्मरणिकेच्या काही वाचकांना नवल वाटेल. परंतु इतिहास म्हणजे केवळ राजे, लढाया आणि तह नव्हे, हे आपण वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. माणसाने वस्तू कशा घडविल्या, हाही इतिहासच आहे. आपली पाठ्यपुस्तके शोधाचे वर्ष देतात, शोधकर्त्याचे नाव देतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. त्या शोधाची उपयोगी वस्तू होईपर्यंत किती काळ गेला आणि ती कोणाच्या हातांनी घडली, हे पुस्तकात क्वचितच येते. अतिसंवाहक तारेची कथा या दृष्टीने फार बोलकी आहे. विजेला कोणताही रोध न करणारा पदार्थ १९११ साली सापडला. त्या पदार्थाची बाजारात विकत मिळणारी तार व्हायला पन्नास वर्षे लागली आणि ती तार एखाद्या शहराच्या रस्त्याखाली वीज वाहू लागायला आणखी चाळीस-पन्नास वर्षे जावी लागली. हा विलंब का झाला, हे समजून घेतले म्हणजे या तारेचे विज्ञानही समजते आणि तिच्याविषयी अधूनमधून उठणाऱ्या वावड्यांची किंमतही कळते.

प्रथम साधी तार घेऊ. आपल्या शाळेतून बाहेर पडलेले कित्येक विद्यार्थी पुढे आयटीआयमधून वीजतंत्री किंवा तारतंत्री झाले. काही वीज कंपनीत लाइनमन आहेत. त्यांना हे सांगायला नको की भार वाढला की तार तापते. तांबे किंवा ॲल्युमिनियम कितीही शुद्ध असले तरी त्यातून धावणारे इलेक्ट्रॉन धातूच्या कंप पावणाऱ्या अणूंमुळे विखुरले जातात आणि विजेचा काही भाग उष्णता होऊन वाया जातो. यालाच रोध म्हणतात. या उष्णतेचा नियम कडक आहे. धारा दुप्पट झाली की उष्णता चौपट होते. धारा दसपट झाली की उष्णता शंभरपट. म्हणून वीज दूरवर न्यायची असेल तर दाब, म्हणजे व्होल्टेज, वाढवावा लागतो. दाब जितका अधिक, तितक्याच शक्तीसाठी धारा तितकी कमी. वीजकेंद्रात रोहित्राने दाब चढवायचा, उंच मनोऱ्यांवरून वीज न्यायची आणि गावाजवळ पुन्हा रोहित्राने दाब उतरवायचा, ही सारी व्यवस्था मुळात तारेच्या रोधाशी केलेली तडजोड आहे. हे लक्षात ठेवावे, कारण पुढे जर्मनीतील एका शहरात हीच तडजोड मोडलेली आपल्याला दिसेल.

आता १९११ कडे वळू. हॉलंडमधील लायडन येथे हाइके कामरलिंग ओनेस यांची अतिशीत तापमानाची प्रयोगशाळा होती. १० जुलै १९०८ रोजी त्यांनी हेलियम वायूचा द्रव केला होता. हा द्रव उणे २६९ अंश सेल्सिअसला उकळतो, म्हणजे निसर्गातील सर्वांत नीच तापमानापासून, उणे २७३ पासून, तो अवघा चार अंशांवर असतो. इतक्या थंडीत धातूंचा रोध कसा वागतो, हे पाहण्यासाठी त्यांनी पारा निवडला, कारण तो ऊर्ध्वपातनाने अतिशय शुद्ध करता येतो. ८ एप्रिल १९११ रोजी पाऱ्याचा रोध मोजता येणार नाही इतका कमी झाल्याचे आढळले. प्रत्यक्ष मोजमापे घेणारे सहकारी होते गिलेस होल्स्ट. रोध हळूहळू कमी झाला नव्हता, तर एका विशिष्ट तापमानाला तो एकाएकी नाहीसा झाला होता. पुढे ओनेस यांनी शिशाच्या वेटोळ्यात धारा सुरू करून दिली आणि विजेचा पुरवठा काढून घेतला. धारा तासन्‌तास तशीच फिरत राहिली.

ओनेस हे स्वप्नाळू नव्हते, तरीही त्यांनी एक मोठे स्वप्न पाहिले. तारेला रोध नाही, तर तिच्या वेटोळ्यातून हवी तेवढी धारा सोडता येईल आणि प्रचंड ताकदीचा चुंबक करता येईल. एक लाख गॉस, म्हणजे आजच्या भाषेत दहा टेस्ला, हे त्यांचे लक्ष्य होते. प्रयोग केला तेव्हा काही शे गॉसलाच शिशाची अतिसंवाहकता मोडली. कारण असे की, या अवस्थेला तीन शत्रू आहेत : उष्णता, चुंबकीय क्षेत्र आणि स्वतः धारा. यांपैकी कोणतेही एक विशिष्ट मर्यादेपलीकडे गेले की पदार्थ पुन्हा सामान्य होतो. आणि धारा सोडली की चुंबकीय क्षेत्र निर्माण होणारच. म्हणजे तारेने आपले काम करायला घेतले की तिचा शत्रू तिच्याच पोटातून जन्माला येतो. पारा, शिसे, कथील हे पहिले सर्व अतिसंवाहक या कसोटीत नापास झाले. नोबेल पारितोषिक १९१३ साली मिळाले, पण तार मिळाली नाही. ओनेस १९२६ साली वारले.

यानंतरच्या काळातील एक प्रकरण इतिहासाच्या अभ्यासकाला टाळता येत नाही. सोव्हिएत युक्रेनमधील खारकीव येथे लेव्ह शुबनिकोव्ह हे शास्त्रज्ञ शिशाच्या संमिश्रांवर प्रयोग करीत होते. काही संमिश्रे चुंबकीय क्षेत्राला एकदम शरण जात नाहीत. क्षेत्राला थोडे आत शिरू देतात आणि तरीही अतिसंवाहक राहतात, हे त्यांच्या प्रयोगांतून दिसत होते. पुढच्या सर्व उपयोगी तारांचे बीज याच निरीक्षणात होते. परंतु १९३७ साली स्टालिनच्या दमनसत्रात त्यांना अटक झाली आणि त्याच वर्षी गोळी घालून ठार करण्यात आले. त्यांच्या कामाचा सैद्धान्तिक उलगडा अलेक्सेई अब्रिकोसोव्ह यांनी १९५७ साली प्रसिद्ध केला. मधली वीस वर्षे या विषयाने गमावली, ती निसर्गाच्या कठीणपणामुळे नव्हे.

खरी कलाटणी १९६१ साली अमेरिकेतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेत मिळाली. नायोबियम आणि कथील यांच्या संयुगाची अतिसंवाहकता १९५४ पासून ठाऊक होती. यूजीन कुन्झलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते ८.८ टेस्लाच्या क्षेत्रात ठेवून पाहिले. तेथेही ते दर चौरस सेंटिमीटरला एक लाख अँपिअर धारा वाहत होते. हा आकडा किती मोठा आहे? आपल्या घरात प्लगसाठी वापरतात ती अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार साधारण वीस अँपिअर वाहते. त्याच हिशेबाने पाहिले तर हे संयुग तांब्याच्या शंभरपटीहून अधिक धारा वाहत होते, आणि तेही ज्या क्षेत्रात शिसे केव्हाच हरले असते अशा क्षेत्रात. ओनेस यांचे स्वप्न अर्ध्या शतकाने शक्यतेच्या टप्प्यात आले.

पण हे संयुग काचेसारखे ठिसूळ आहे. त्याची तार वाकविली की तडकते. म्हणून बाजारात आधी पुढे आले ते नायोबियम आणि टिटॅनियम यांचे संमिश्र. गुणांनी ते थोडे कमी, पण स्वभावाने लवचीक. कारागिराला हाताळता येईल असा पदार्थ हाती आला, तेव्हाच तारेचा उद्योग उभा राहिला.

ही तार कशी करतात, हे समजण्यासारखे आहे. नायोबियम-टिटॅनियमच्या कांड्या तांब्याच्या नळ्यांत घालतात, त्या ओढून बारीक करतात, बारीक झालेल्या कांड्यांची जुडी पुन्हा तांब्याच्या मोठ्या नळीत भरतात आणि पुन्हा ओढतात. सोनार जंतरपट्टीतून तार ओढतो, तीच क्रिया, फक्त कारखान्याच्या प्रमाणावर. शेवटी मिलिमीटरभर जाडीच्या तारेत सहस्रावधी तंतू असतात. जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेच्या महाकाय त्वरकासाठी केलेल्या तारेत प्रत्येक तंतूची जाडी सहा-सात मायक्रॉन आहे. माणसाचा केस याच्या दसपट जाड असतो. तंतू इतके बारीक का? जाड तंतूत चुंबकीय क्षेत्र एकाएकी उसळी मारून आत शिरते, तिथे उष्णता निर्माण होते आणि त्या उष्णतेने सारी तार सामान्य होते. तंतू बारीक केले आणि त्यांना पीळ दिला की ही उसळी आवरते.

आणि तांबे कशासाठी? येथे निसर्गाचा एक विनोद आहे. तांबे, चांदी, सोने हे विजेचे उत्तम वाहक आपल्याला ठाऊक असलेल्या कोणत्याही तापमानाला अतिसंवाहक होत नाहीत. उलट, अतिसंवाहक होणारे बरेच पदार्थ एरवी सुमार वाहक असतात. नायोबियम-टिटॅनियमचा एखादा ठिपका क्षणभर जरी तापला, तरी तो सुमार वाहक होऊन बसतो आणि हजारो अँपिअरची धारा त्याला जाळून टाकू शकते. अशा वेळी शेजारचे तांबे ती धारा आपल्या अंगावर घेते, तंतूला निवायला अवधी देते आणि तो सावरला की पुन्हा बाजूला होते. तारेचे नाव अतिसंवाहकाचे, पण तिला संकटात सांभाळणारे जुने तांबेच.

ही तार पहिल्यांदा ज्या मोठ्या व्यवसायात रुजली तो विजेचा नव्हता, वैद्यकाचा होता. १९८० च्या दशकात एमआरआय यंत्रे रुग्णालयांत आली. दीड टेस्लाच्या एमआरआय यंत्रात, रुग्ण ज्या बोगद्यात शिरतो त्याच्या भोवती, नायोबियम-टिटॅनियमच्या तारेची कित्येक किलोमीटर लांबीची वेटोळी द्रव हेलियमच्या थंडीत बसविलेली असतात. एकदा धारा सुरू केली की ती वर्षानुवर्षे फिरत राहते; म्हणूनच रात्री यंत्र बंद दिसत असले तरी त्याचा चुंबक चालूच असतो आणि त्या खोलीत लोखंडी वस्तू नेण्यास मनाई असते. आपल्यापैकी ज्यांनी एमआरआय काढून घेतला आहे, ते या तारेच्या अगदी जवळून जाऊन आले आहेत.

तारतंत्र्यांसाठी सर्नमधीलच एक घटना सांगितली पाहिजे. तेथे सत्तावीस किलोमीटर परिघाच्या बोगद्यात १,२३२ प्रमुख वक्रकारी चुंबक आहेत. यंत्र १० सप्टेंबर २००८ रोजी सुरू झाले आणि नऊ दिवसांनी, १९ सप्टेंबरला, मोठा अपघात झाला. कारण होते दोन चुंबकांमधील एक सदोष सांधा. त्या सांध्याचा रोध आपल्या मोजमापांत शून्यच म्हणावा इतका क्षुल्लक होता. परंतु त्यातून हजारो अँपिअरची धारा जात होती. सांधा तापला, वितळला, ठिणगीचा लोळ उठला, हेलियमच्या टाकीला भोक पडले आणि टनावारी हेलियम बोगद्यात उसळला. पन्नासहून अधिक चुंबक बाहेर काढावे लागले आणि यंत्र वर्षाहून अधिक काळ बंद राहिले. गावातल्या खांबावर असो की जिनिव्हाच्या भूमीखाली, जळतो तो सांधाच.

आतापर्यंतची सारी कथा द्रव हेलियमच्या तापमानाची आहे. हेलियम दुर्मीळ, महाग आणि सांभाळायला कठीण. विजेच्या जाळ्यासाठी मैलोगणती तार उणे २६९ अंशांवर ठेवणे कोणालाही परवडणारे नव्हते. १९८६ साली स्वित्झर्लंडमधील आयबीएमच्या प्रयोगशाळेत बेडनॉर्झ आणि म्युलर यांना एका सिरॅमिकमध्ये, म्हणजे चिनी मातीच्या जातीच्या पदार्थात, पूर्वीपेक्षा बऱ्याच वरच्या तापमानाला अतिसंवाहकता आढळली. पुढच्याच वर्षी त्यांना नोबेल मिळाले. १९८७ च्या आरंभी अमेरिकेत वू आणि चू यांच्या गटांना इट्रियम, बेरियम, तांबे आणि ऑक्सिजन यांचे संयुग सापडले. ते उणे १८० च्या आसपासच अतिसंवाहक होते. म्हणजे आता द्रव नायट्रोजन पुरेसा होता. हा उणे १९६ अंशांना उकळतो, हवेतूनच मिळतो आणि स्वस्त असतो. शिवाय एक लिटर द्रव हेलियम जेवढ्या उष्णतेने उडून जातो, तिच्या सुमारे साठपट उष्णता एक लिटर नायट्रोजन पचवितो. १८ मार्च १९८७ रोजी न्यूयॉर्कमधील एका हॉटेलात भौतिकशास्त्रज्ञांची सभा भरली, ती पहाटेपर्यंत चालली. दाराबाहेरही गर्दी होती. आता वीज फुकटात वाहणार, आगगाड्या चुंबकावर तरंगणार, अशी भाकिते वृत्तपत्रांनी केली.

त्या भाकितांत एक गोष्ट कोणी फारशी विचारली नाही. चिनी मातीच्या कपाची तार कशी ओढणार?

अडचण ठिसूळपणाएवढीच नव्हती. सिरॅमिक म्हणजे असंख्य बारीक स्फटिककणांचा समूह. दोन शेजारी कणांची मांडणी एकमेकांशी काही अंशांनी जरी वाकडी असली, तरी त्यांच्या सीमेवर धारा अडते, असे १९८८ साली आयबीएमच्याच संशोधकांनी दाखविले. फरशी घालणाऱ्या गवंड्याची एखादी फरशी तिरकी बसली तर ओळ वाईट दिसते. येथे रस्ताच बंद होतो. आणि ही शिस्त एका बोटभर तुकड्यात नव्हे, किलोमीटरभर लांबीत राखायची होती.

पहिला मार्ग चांदीतून निघाला. जपानमध्ये १९८८ साली सापडलेल्या बिस्मथयुक्त संयुगाची भुकटी चांदीच्या नळ्यांत भरायची, नळ्या ओढायच्या, जुडी करून पुन्हा ओढायच्या, दाबून चपट्या करायच्या आणि भट्टीत तापवायच्या. या संयुगाचे कण पत्र्यासारखे चपटे असतात. दाबले की बरेचसे एका दिशेने निजतात. चांदीच का? कारण तापविताना ती या संयुगाशी भांडत नाही आणि तिच्यातून ऑक्सिजन आरपार जातो. अशी फीत अमेरिकेत आणि जपानमध्ये विक्रीस आली. पण जिच्या अंगातला मोठा भाग चांदीचा, ती तार तांब्याशी किमतीत स्पर्धा कशी करणार?

म्हणून दुसरा मार्ग शोधावा लागला, आणि माझ्या मते या संपूर्ण कथेतील सर्वांत मोठे कर्तृत्व येथे आहे. कणांना दाबून निजविण्याऐवजी त्यांना उगवायलाच योग्य दिशा द्यायची. निकेलच्या संमिश्राची पातळ पट्टी घ्यायची, तिच्यावर दुसऱ्या ऑक्साइडांचे अत्यंत पातळ थर असे चढवायचे की त्यांचे कण एकाच दिशेने रांगेत राहतील आणि त्या रांगांवर इट्रियमच्या कुळातील संयुगाचा थर वाढवायचा. खाली आखलेल्या ओळींवर वरचा थर आपोआप सरळ बसतो. जपानच्या फुजिकुरा कंपनीत आणि अमेरिकेच्या ओक रिज व लॉस अलामॉस प्रयोगशाळांत याच्या निरनिराळ्या रीती विकसित झाल्या. तयार फीत कागदासारखी पातळ, साधारण एक दशांश मिलिमीटर जाडीची, चार किंवा बारा मिलिमीटर रुंदीची. तिच्यातील प्रत्यक्ष अतिसंवाहक थर एक-दोन मायक्रॉनचा, म्हणजे जाडीच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास. बाकी सारे आधार देणारे धातू, चांदीचा मुलामा आणि वरून पुन्हा आपले तांबे. चार मिलिमीटर रुंदीची अशी फीत द्रव नायट्रोजनमध्ये शंभर अँपिअरहून अधिक धारा वाहते.

आता रस्त्याखाली उतरू. अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात २००१ साली एका उपकेंद्रात जुन्या नऊ तांब्याच्या केबलींच्या जागी चांदीच्या फितींच्या तीन केबली टाकण्यात आल्या. द्रव नायट्रोजन वाहणारी नळी थर्मासच्या बाटलीसारखी दुहेरी भिंतीची असते आणि दोन भिंतींमधील हवा काढून घेतलेली असते. तेथे ही निर्वात पोकळी टिकली नाही आणि योजना फसली. तार नापास झाली नव्हती. थर्मास नापास झाला होता. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर २००८ साली ६०० मीटर लांबीची, १,३८,००० व्होल्टची केबल मात्र यशस्वीपणे जाळ्याला जोडली गेली.

सर्वांत बोधक उदाहरण जर्मनीतील एसेन शहराचे वाटते. शहराच्या मध्यभागी दोन उपकेंद्रांना जोडणारी एक किलोमीटरची केबल २०१४ साली सुरू झाली. ती ४० मेगावॅटची शक्ती वाहण्यासाठी होती आणि तिचा दाब फक्त १०,००० व्होल्ट होता. एरवी एवढी शक्ती शहरात आणण्यासाठी १,१०,००० व्होल्टची केबल टाकतात आणि शहराच्या मध्यभागी रोहित्राचे मोठे उपकेंद्र बांधून दाब उतरवितात. १,१०,००० व्होल्टला धारा दोनशे-सव्वादोनशे अँपिअर लागते. १०,००० व्होल्टला ती सुमारे २,३०० अँपिअर होते. धारा अकरापट झाली म्हणजे त्याच तारेत उष्णता १२१ पट. तांब्याच्या एका केबलीला हे झेपणारे नाही. अतिसंवाहकाला धारेचे भय नाही, म्हणून दाब कमी ठेवता आला आणि मध्यवस्तीतील रोहित्राची व त्यासाठी लागणाऱ्या जागेची गरजच उरली नाही. आरंभी सांगितलेली तडजोड मोडली ती अशी. ज्या शहरात जागेचा दर चौरस फुटाने मोजतात, तेथे वाचलेले उपकेंद्र वाचलेल्या विजेपेक्षा मोलाचे ठरू शकते.

तेथे केबलीच्या तोंडाशी एक अतिसंवाहक धारा-मर्यादकही बसविला होता. शॉर्टसर्किट झाले की धारा एकदम कितीतरी पट वाढते. मर्यादकातील अतिसंवाहक हे सहन न होऊन काही सहस्रांश सेकंदांत सामान्य होतो, त्याला रोध येतो आणि धारा आवरली जाते. ओनेस यांचे चुंबकाचे स्वप्न ज्या दोषाने मोडले, तोच दोष येथे संरक्षक म्हणून राबविला आहे.

मग सर्वत्र ही केबल का नाही? कारण थंडी फुकट मिळत नाही. द्रव नायट्रोजनच्या तापमानावरून एक वॅट उष्णता बाहेर काढायला यंत्राला प्रत्यक्षात दहा-वीस वॅट वीज खर्चावी लागते. हेलियमच्या तापमानाला तर शेकडो. शिवाय शून्य रोध हा एकाच दिशेने वाहणाऱ्या दिष्ट धारेचा गुण आहे. आपल्या घरची प्रत्यावर्ती धारा सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलते आणि प्रत्येक वेळी फितीत शिरलेले चुंबकीय क्षेत्र हलते, त्यातून थोडी उष्णता होतेच. आणि बाहेरची उष्णता थर्मासच्या भिंतीतून आत झिरपते ती वेगळी. ही झिरपण केबलीतून वीज वाहो अथवा न वाहो, रात्रंदिवस चालू असते. म्हणून जेथे अंतर थोडे, भार सतत मोठा आणि जागा मुळीच नाही, तेथेच हा हिशेब जुळतो. दक्षिण कोरियात २०१९ साली आणि शांघायच्या दाट वस्तीत २०२१ साली सुरू झालेल्या केबली साधारण एक किलोमीटरच्याच आहेत, हा योगायोग नव्हे.

यावरून हेही स्पष्ट होते की, आपल्याकडे ज्या वीजगळतीची वर्षानुवर्षे चर्चा होते तिच्यावर ही तार औषध नाही. आपली गळती मोठ्या प्रमाणावर खालच्या दाबाच्या लांबच लांब तारांत, भाराने दमलेल्या रोहित्रांत, मीटर नसलेल्या जोडण्यांत आणि हिशेबाच्या वह्यांत असते. वस्तीच्या टोकाला मिणमिणणारा दिवा उजळण्यासाठी जवळ एक रोहित्र आणि पुरेशा जाडीची साधी तार हवी. त्यासाठी नोबेल पारितोषिकाची गरज नाही, निधीची आणि इच्छेची आहे.

२०२३ च्या जुलैमध्ये आपल्या मोबाइलवर एक बातमी फिरली होती. दक्षिण कोरियातील काही संशोधकांनी नेहमीच्या तापमानाला अतिसंवाहक राहणारा पदार्थ केल्याचा दावा केला होता. जगभरच्या प्रयोगशाळांनी तो करून पाहिला, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेनेही पाहिला आणि काही आठवड्यांतच दावा टिकत नसल्याचे दिसले. माझ्या काही माजी विद्यार्थ्यांनी तेव्हा उत्साहाने विचारले होते, की आता वीज स्वस्त होणार का? समजा, दावा खरा असता, तरी ठिसूळपणा, कणांची मांडणी, चुंबकीय क्षेत्रातील वर्तन आणि किलोमीटरभर लांबी हे चारही प्रश्न तसेच उभे राहिले असते.

आपल्या मुंबईतही या विषयावर मोलाचे काम झाले आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९९४ साली इट्रियम, निकेल, बोरॉन आणि कार्बन यांच्या संयुगांत अतिसंवाहकता आढळली आणि संयुगांचे एक नवे कूळच जगासमोर आले. त्याच संस्थेतील संशोधकांनी पुढे शुद्ध बिस्मथ, निसर्गातील सर्वांत नीच तापमानाच्या वर एका अंशाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतक्या थंडीत, अतिसंवाहक होतो हे दाखविले. त्याची तार कधीही होणार नाही आणि ती व्हावी अशी कोणाची अपेक्षाही नाही; पदार्थ असे का वागतात हे समजणे हे स्वतंत्र काम आहे. तारेचे काम ट्रॉम्बेला झाले. भाभा अणुसंशोधन केंद्रात नायोबियम-टिटॅनियमच्या बहुतंतू तारा आणि केबली तयार करण्याचे तंत्र विकसित करण्यात आले.

नव्या फितीला सध्या मोठा गिऱ्हाईक मिळाला आहे तो वीज कंपन्यांचा नव्हे. सूर्यात चालते तशी अणुसंमीलनाची क्रिया पृथ्वीवर घडविण्यासाठी प्रचंड ताकदीचे चुंबक लागतात. सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेतील एमआयटी आणि तिच्याशी संलग्न कंपनीने या फितीचा चुंबक २० टेस्लापर्यंत नेला. ओनेस यांनी पाहिलेल्या स्वप्नाच्या दुप्पट. त्या एका चुंबकात २६७ किलोमीटर फीत गुंडाळलेली होती, साधारण मुंबईहून साताऱ्याला पोहोचेल इतकी. अशा मागणीमुळे जपान, चीन, अमेरिका येथील कारखाने वाढत आहेत आणि फितीचा दर उतरतो आहे. जर्मनीत म्युनिक शहराखालून बारा किलोमीटर लांबीच्या, १,१०,००० व्होल्टच्या अतिसंवाहक केबलीची योजना आखण्यात आली आहे. एसेनच्या बारापट लांब असलेल्या त्या नळीत नायट्रोजन सर्वत्र सारखा थंड राखणे आणि मधले सगळे सांधे निर्दोष करणे, हे तेथील अभियंत्यांपुढचे काम आहे.